राखेचा दुसरा डबा

“हॅलो?… हॅलो, कोण?… नम्रता? अगं, बोल बोल. … नाही, झोपेतून कसली उठवतेस, पाण्याची वेळ ही. पिंप भरतेय. … येतंय ऐकू, पण माझंच मला परत ऐकू येतंय. तुझं ते कॉलिंग कार्ड बदल गं.”

शालूताईंनी नळ बारीक केला आणि कॉर्डलेस फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला. न्यू जर्सीच्या फोनची ही खोड होती. आपण बोललेलं वाक्य अमेरिकेला जायचं आणि तिथे काही जमलं नसावं तसं क्षणाभराने परत यायचं. शुभंकरचं तसं झालं नव्हतं. तो वायटूकेच्या वर्षी सहा महिन्यांसाठी म्हणून गेला तो तिथेच राहिला. आधी भाड्याने, मग लग्न करून, मग मागे अंगण असलेलं घर घेऊन. हल्ली सूनबाईचा फोन आला की अर्धा फोन अंगणाचा असे.

“काय उगवलं?… मेथी. वा. आणि शेपू?… नाही?… टोमॅटो?… पिवळा पडला. वांगं?… म्हणजे मेथी सोडून बाकी सगळ्यांचं तेरावंच म्हणायचं.”

तिथली माती आंबट आणि रेताड आहे, हे शालूताईंना एव्हाना पाठ झालं होतं. अमेरिकेत माती पाकिटात घालून पाठवली की तिचा रिपोर्ट घरी येतो. नम्रताने तो रिपोर्ट एखाद्या स्थळाची पत्रिका वाचावी तसा फोनवर वाचून दाखवला होता, आणि पत्रिकेत मंगळ निघावा तसा सगळ्यांचा चेहरा पडला होता. पाणी घातलं की खाली निघून जातं. खत घातलं की तेही पाण्यामागोमाग जातं.

“फक्त त्या कोपऱ्यातल्याच वाफ्यात?… त्या वाफ्याला काय वेगळं केलंस?… राख. कुठली राख?… हां, इथून नेलेली. बरोबर आहे. आंबट मातीला राख मानवते, आंबटपणा मारते ती. … हो, हो… अगं ऐक ना. राख म्हणजे शेणखत नव्हे. रेतीला ओल धरून ठेवायला काहीतरी लागतं, ते काम राखेचं नाही. पालापाचोळा कुजवून घाल. … तुमच्याकडे पानं गळली की पिशव्यांत भरून कचऱ्यात देतात, हे शुभंकरनेच सांगितलंय मला. त्या पिशव्या माग शेजाऱ्यांकडून. … लाज कसली? दागिने नाही मागत आपण. … वरून वाळलेलं गवत पसर. पाणी थोडं थोडं, पण दोनदा. … चुना?… चुना घालतात, पण किती ते मला काय माहीत?”

त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पुण्याची काळी माती चुनखडी पोटात घेऊनच जन्मलेली. तिला वर आणखी चुना कोण लावणार. माहीत असतं ते त्यांच्या यजमानांना, रंगनाथरावांना. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. तिथली माती अशीच, रेताड आणि आंबट. उभी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, आणि निवृत्तीनंतर या तळमजल्याच्या फ्लॅटच्या मागच्या अंगणात त्यांनी काळ्या मातीशी उघड युद्ध पुकारलं. पुण्याची माती पुणेकरांसारखी आहे, असं ते म्हणत. ओलावा दाखवला की चिकटते आणि ऊन पडलं की तोंड फिरवते. हे ते मातीकडे बघून म्हणत, पण बायको पुण्याची होती.

“हे असते तर त्यांनी तोंडी सांगितलं असतं, मुठीच्या मापाने. … हो ना. … हो. वर्ष होऊन गेलं.”

मग नम्रताने अजून थोडी राख मिळेल का, असं विचारलं असावं, कारण शालूताईंचा आवाज एकदम कामाला लागला.

“मिळेल की. कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर देते. दुसरा डबा आहे तसाच. … कसली चव?… शुभंकर म्हणाला असं?… लहानपणी मेथी दिसली की ताट सोडून पळायचा तो. … दोनदा वाढून घेतली? … बाबांच्या वाफ्यातल्यासारखी. … बघ. वय झालं की कळतं.”

त्यांना बरं वाटलं. पिंप भरत आलं होतं.

“मग अडलंय कुठे?… काय मागवलंय त्याने?… ट्रक?… मातीचा ट्रक?… अगं, माती म्हणजे काय पडदे आहेत, रंग आवडला नाही की बदलायला?… उद्या सकाळी?… आणि आहे ती माती?… तेच लोक खरवडून नेणार. तो वाफासुद्धा?… सगळं अंगण. … कुठे नेऊन टाकणार?… माहीत नाही. छान.”

शुभंकरने मातीचा प्रश्न ऑफिसातला प्रश्न सोडवावा तसा सोडवला होता: जुनं काढून टाका, नवीन बसवा. तो स्वतः कुठल्याशा क्लायंटकडे गेलेला, रविवारी परतणार. तोवर अंगण नवं कोरं झालेलं असेल. शालूताईंनी सुनेला समजावलं की अशाने काही होत नाही, नवी मातीसुद्धा चार पावसाळ्यांत तिथल्यासारखीच होईल, माती बदलायची नसते, सुधारायची असते. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं, आणि क्षणाभराने अमेरिकेनेही म्हणून दाखवलं.

“काय म्हणालीस?… चाळणीवर काय राहिलं?… खडे?… शेणीच्या राखेत खडे कुठून येतील? … पांढरे. … बोटाने फुटत नाहीत. … हं. … थांब हं जरा. … नाही, काही नाही. नळ बंद करते.”

नळ त्यांनी बंद केला नाही. त्या मागच्या व्हरांड्यात गेल्या.

तिथे फळीवर डालड्याचे दोन पिवळे डबे असत. त्यांच्या घरात डब्यावर लिहिलेली वस्तू डब्यात सापडली असं सहसा होत नसे. बोर्नव्हिटात मेतकूट असे आणि बिस्किटांत सुयादोरे. अपवाद या दोघांचा. दोन्हींवर रंगनाथरावांच्या अक्षरात ‘राख’ असं लिहिलेलं होतं आणि दोन्हींत राखच होती. एकात शेणीची. दुसरा ते गेले तेव्हा रिकामा होता. माझी राख नदीत टाकून नदी घाण करू नका, मिरच्यांना घाला, असं ते अर्धवट थट्टेने म्हणाले होते, आणि गेलेल्या माणसाची अर्धवट थट्टा ही मागे राहिलेल्यांना पूर्ण आज्ञा असते. अस्थी आळंदीला गेल्या. उरलेली राख शालूताईंनी पुतण्याकडून त्या रिकाम्या डब्यात भरून घेतली. ती घेऊन त्या मिरच्यांपुढे उभ्याही राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की पुढे या मिरच्या फोडणीत घालायच्या आहेत. त्यांनी झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

मार्चमध्ये वर्षश्राद्धाला नम्रता आली होती. निघताना बॅगांची वजनं करता करता तिने विचारलं होतं, आई, राखेचा एक डबा नेऊ का? शालूताई भाजणीची पिशवी बांधत होत्या. ने, उजवीकडचा ने, असं त्या मान वर न करता म्हणाल्या होत्या. श्राद्धाआधी फळी पुसली गेली होती, आणि पुसताना उजवीकडचं डावीकडे गेलं होतं. हे त्यांना आत्ता आठवलं.

त्यांनी उरलेल्या डब्याचं झाकण काढून चिमूट बोटांवर घेतली. पावडरीसारखी मऊ. शेणीची.

“आहे मी. … ऐकतेय. … तुझ्या डब्यात किती उरलीय?… सगळी घातलीस. … नाही, सहज. … विमानतळावर कुणी काही विचारलं नव्हतं ना?… काय सांगितलंस?… होली ॲश. … नाही गं, खोटं कसलं. बरोबर सांगितलंस.”

त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. अंगणात फटफटत होतं. समोर मिरच्यांचा रिकामा वाफा होता.

“दुसरं काय सांगायचंय?… मग बोल की. … नाही हसणार. … कोण खाकरतं?”

नम्रताने हे आधी नवऱ्याला सांगितलं होतं आणि नवऱ्याने ते अमेरिकेतल्या कुठल्याशा निशाचर प्राण्यावर ढकललं होतं. पण प्राणी दाराशी थांबून घसा साफ करत नाहीत. तशी पद्धत माणसांची, त्यातही सासऱ्यांची. सून ज्या खोलीत असेल तिथे जाण्याआधी सासऱ्याने खाकरावं, हा नियम रंगनाथरावांनी घरात सून आल्या दिवसापासून इतका कडक पाळला की ती अमेरिकेत परत गेल्यावरही ते महिनाभर स्वतःच्याच न्हाणीघरापुढे खाकरत. इकडे असताना नम्रता तो आवाज ऐकला की पाय खाली घेई आणि ओढणी शोधी. आता तिकडे, न्यू जर्सीत, ती शॉर्ट्समध्ये सोफ्यावर बसलेली असते आणि तो आवाज आला की उठून आत जाऊन पंजाबी ड्रेस घालून येते. का, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

“मागच्या दाराशीच. … आणि मग झारी आपटल्यासारखं. दोनदा. … रोज?… कधीपासून?… वाफा केलास तेव्हापासून. … किती वाजता?… संध्याकाळी साडेआठला. … रोज साडेआठलाच.”

शालूताईंनी वळून आतल्या घड्याळाकडे पाहिलं. इतकी वर्षं मुलाची वेळ काढता काढता तो हिशोब त्यांना तोंडपाठ झाला होता. तिथले संध्याकाळचे साडेआठ म्हणजे इथले पहाटेचे सहा. माणूस सातासमुद्रापार गेला होता, पण घड्याळ त्याने बदललं नव्हतं.

सबंध वर्षभर, रोज सहाला, या व्हरांड्याच्या दाराशी कुणीतरी खाकरायचं आणि नळाच्या कट्ट्यावर झारी दोनदा आपटायची. शालूताईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. पुण्यात असं काही सांगितलं की दोन गोष्टी मिळतात: सहानुभूती आणि एखाद्या डॉक्टरचा पत्ता. त्यांना दोन्हींची गरज नव्हती. त्या आवाज ऐकायच्या, चहाचं आधण ठेवायच्या, आणि दिवस सुरू व्हायचा. शुभंकर येऊन राहा म्हणाला की झाडांना पाणी कोण घालणार, असं म्हणायच्या. व्हिसाचे कागद दोनदा परत गेले होते.

मग वर्षश्राद्ध झालं, नम्रता परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता काहीच झालं नाही. वर्ष झालं की ते पुढे जातात, असं गुरुजी म्हणाले होते. शालूताईंनी ते मान्य केलं. कारखान्यातला माणूस, वेळ झाली की बाहेर पडणारच. फक्त न सांगता गेले, एवढंच त्यांना लागलं होतं. पुढे म्हणजे किती पुढे, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

“नम्रता, बस आधी कुठेतरी. … बसलीस?… तो ट्रक येता कामा नये. … शुभंकरचं मी बघते. तू त्या लोकांना आजच फोन करायचास. … कारण आहे. … अगं आहे म्हणते ना. … बरं. तू नेलास तो डबा शेणीच्या राखेचा नव्हता. … नाही. शेणीचा माझ्या मांडीवर आहे. … तसं नाही गं. ऐक. ते बाबा आहेत.”

वाक्य अमेरिकेला गेलं आणि परत आलं. ते बाबा आहेत. या घरात हे कुणी मोठ्याने म्हणताना शालूताईंनी पहिल्यांदाच ऐकलं.

“हॅलो?… नम्रता?… रडू नको. … तुझी काय चूक त्यात, ने म्हणाले ती मी. … मेथी?… किती वेळा केलीत?… हं. … पराठेसुद्धा. … नाही, पाप वगैरे काही नाही. मिरच्यांना घाला, असं तेच म्हणाले होते. मिरच्या काय न् मेथी काय. … शुभंकरला सांगायचं का, ते तू ठरव. दोनदा वाढून घेतली म्हणालीस ना?… मग मी तरी नसतं सांगितलं.”

नम्रता रडता रडता हसली असावी. मग तिने पुन्हा चुन्याचं काढलं, आणि ते रास्त होतं. नुसता ट्रक थांबवून भागणार नव्हतं. उरलेलं अंगण असंच उजाड राहिलं तर शुभंकर पुढच्या महिन्यात दुसरा ट्रक मागवील. माती सुधारायलाच हवी होती, आणि तिने आणलेल्या चुन्याच्या पिशवीवर लिहिलेलं माप कुठल्या मातीचं होतं, कुणास ठाऊक. जास्त झाला तर आहे ती मेथीही जळायची.

शालूताईंनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

“किती वाजले तुझ्याकडे?… फोन घेऊन मागच्या दाराशी जा. … दार उघड आणि फोन बाहेर धर. … नाही, तू काही बोलू नकोस. … घाबरायचंय काय, सासरेच आहेत. … कार्ड संपत आलं तर येऊ दे. जा.”

चपलांचा आवाज झाला, काहीतरी खरखरलं, आणि मग फोन इतका स्वच्छ झाला की पलीकडे अमेरिका आहे असं वाटेना; पलीकडे व्हरांडा आहे असं वाटलं. स्वयंपाकघरात पिंप भरून वाहायला लागलं होतं. ते त्यांना ऐकू येत होतं, पण त्या उठल्या नाहीत.

“अहो…”

या खेपेला शब्द परत आला नाही.

“अहो, मी. …

“ऐकू येतंय ना?… हं. …

“मला वाटलं, तुम्ही पुढे गेलात. … हो, पण सांगून जायची रीत असते. …

“थंडी आहे का तिकडे?… मफलर इथेच राहिला. …

“मिरच्या? मिरच्या गेल्या. बोकड्या पडला, पानं आखडली. … मारली होती राख, पण उशीर झाला. …

“तिथली माती तुमच्या वेंगुर्ल्यासारखी आहे म्हणे. … मग बरंय. … नाही, बरंच आहे की. मी कुठे काय म्हणतेय.”

त्यांनी पदराने नाक पुसलं.

“ते असू दे. त्या पोरीला सांगा, चुना किती घालायचा?… हं. … हं. … आणि खताच्या आधी. … बरं, सांगते. … आणि एक. लेकाचं घर आहे ते, सून एकटी असते. जरा हळू खाकरत जा.”

यानंतर त्या बराच वेळ फोन कानाला लावून नुसत्या बसून राहिल्या. उजाडलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी स्कूटरला लाथा मारायला लागलं. शेवटी त्यांनी बटण दाबलं, आत जाऊन नळ बंद केला, आणि फडकं घेऊन फरशी पुसायला घेतली. निम्मी पुसून होते तोच फोन वाजला.

“हॅलो?… हो, नम्रता. बोल. … कार्ड संपलं?… कधी?… दार उघडायच्या आधीच.”

शालूताई फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. फडक्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं.

“नाही. नाही, काही नाही. … नव्हते मी बसले हॅलो हॅलो करत. … मग तू काय केलंस इतका वेळ?… ट्रकवाल्याला लावलास. उचलला त्याने?… येत नाहीत. शहाणी माझी. … चिडेल, चिडू दे. त्याला म्हणावं, ते व्हिसाचे कागद पुन्हा पाठव. … हो, तेच. … इथली झाडं? इथे आता आहे काय पाणी घालायला. …

“आणि हे बघ. चुना पिशवीवर लिहिलाय त्याच्या अर्धाच घाल. जड मातीला लागतो तेवढा रेताडीला लागत नाही. आधी चुना, मातीत नीट मिसळून, मग पंधरा दिवसांनी खत. दोन्ही एकदम नाही. … मघाशी नव्हतं माहीत. … आता आहे. …

“काय?… आज आवाज नाही आला?… साडेआठ होऊन गेले तरी?… हं. … नाही यायचा. ते फोनवर होते. … चल, ठेवते. फरशी ओली आहे.”